ईश्वरीला किती दिसतं, ते सांगतो

प्रिय मनीषा,

तू गेलीस त्याला सहा वर्षं होऊन गेली आणि मी तुला आज पहिल्यांदा लिहितोय. आजवर सांगण्यासारखं पक्कं काही हातात नव्हतं. परवा आपल्या ईश्वरीनं डॉक्टरांसमोर बसून भिंतीवरचा तक्ता वाचला, एकेका डोळ्यानं. घरी आल्यावर मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, तिला सांगायचं राहिलंच.

तुला तर यातलं काहीच माहीत नाही. पोरगी झाली, एवढंच तुला कळलं होतं.

सातवा लागता लागता तुझं बीपी वाढलं, झटके आले आणि तिला तातडीनं बाहेर काढावं लागलं. तू खाली आयसीयूत, ती वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. दोन आठवडे मी दिवसभर जिना चढायचो आणि उतरायचो. तुला वर नेता येत नव्हतं, तिला खाली आणता येत नव्हतं. एकदा तू शुद्धीवर असताना मी मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. तू डोळे बारीक केलेस आणि म्हणालीस, "माझा चष्मा कुठंय?"

चष्मा हर्सूलला घरी राहिला होता. उद्या आणतो म्हणालो. आणलाही. पण त्यानंतर तू डोळे उघडलेच नाहीस.

त्या चष्म्याचा तुला किती राग! लग्नात फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला की तू चष्मा काढून माझ्या हातात द्यायचीस. म्हणून सगळ्या फोटोंत माझी एक मूठ आवळलेली आहे. आणि शिकवणीच्या पोरांना मात्र सांगायचीस, चष्मेवाले हुशार असतात म्हणून.

एक विचारू? पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं, ते तू आठवडाभर अंगावर का काढलंस? पोरांची परीक्षा झाली की दाखवू म्हणालीस. मी शेंद्र्याहून शिफ्ट करून यायचो, तू हसून ताट वाढायचीस. एकदा तरी बोलायचं होतंस.

तू गेल्यावर तुला गावी नेलं, खुलताबादच्या पुढं, आपल्या शेतात. तुझा भाऊ दवाखान्यात ईश्वरीपाशी थांबला. दहाव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. डोळ्यांच्या मॅडम येऊन पोरीला तपासून गेल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत बिघाड होता. उद्याच लेझर करावं लागंल, जास्त थांबता येणार नाही आणि आधी बापाशी बोलायचंय, असा निरोप होता.

मी ते घरात सांगितलं. माझे काका ओट्यावर बसले होते.

"उद्या दहावा हाय," ते म्हणाले. "पिंड कोण ठेवंल? एका दिवसानं काय होतंय रं?"

"डॉक्टर थांबू नका म्हणतात, काका."

"डॉक्टर तसंच म्हणत्यात. बायकोचा दहावा टाकून गेला, असं गाव म्हणंल. ते चालंल का तुला?"

खरं सांगतो मनीषा, तेव्हा ती पेटीतली पोरगी मला अजून आपली वाटत नव्हती. तुझं जाणंच डोक्यात मावत नव्हतं. तेवढ्यात आतून तुझी आई आली. तू गेल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"जावईबापू, तुमी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा," ती म्हणाली. "माझी लेक गेली. आता तिच्या लेकीचे डोळे जाऊ देऊ नका. पिंडाचं आमी बघतो."

सकाळी मी निघालो तेव्हा काकाच आंघोळ करून माझ्या जागी बसायला तयार झाले होते.

मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या डोळ्यात मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या झालेल्या नसतात. बाहेर आल्यावर त्या भलत्याच दिशेनं वाढायला लागतात, पडद्याला ओढतात. पडदा सुटला की नजर गेली.

"लेझर केल्यावर दिसेल ना तिला?" मी विचारलं.

"ते आज नाही सांगता येणार. वाचवायचा प्रयत्न करता येईल. किती दिसतं, ते ती मोठी होऊन स्वतः सांगेल."

मी हो म्हणालो. तिला आत नेलं. माझ्या दोन तळव्यांत मावली असती एवढी होती ती. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि तिकडं गावी तुझ्या पिंडाला कावळा शिवत नव्हता.

तुझ्या आईनं नंतर सांगितलं. ऊन चढलं तरी कावळा आला नाही. काकांनी हात जोडले, पोरीला सांभाळू म्हणाले, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. बायका कुजबुजायला लागल्या, नवरा आला नाही म्हणून रुसली. तेव्हा तुझी आई सगळ्यांदेखत म्हणाली, "ती दवाखान्यात गेली असंल लेकीपाशी. हितं कशी येईल?"

तू होतीस का गं तिथं? मी पुष्कळदा विचारलंय स्वतःला. बाकावर माझ्या शेजारी कुणीच नव्हतं, एवढं मला आठवतं.

उजव्या डोळ्यातला आजार थांबला. डाव्यातला थांबायला तयार नव्हता. त्याला परत लेझर करावं लागलं, तरी पडदा मधोमध थोडा ओढला गेला तो गेलाच.

तुझी आई आपल्याकडंच राहिली. ईश्वरीला घरी आणल्यावर ती तिच्या तोंडासमोर हिरव्या बांगड्या हलवत बसायची, आवाज न करता. पोरगी नुसती छताकडं बघायची. किती दिवस तसंच चाललं. कामावर असलो तरी मला तेच दिसायचं, त्या हलणाऱ्या बांगड्या आणि त्यांच्या पलीकडं बघणारी पोर. मग एका दुपारी तिनं मान वळवली. बांगड्या जातील तिकडं वळवली. तुझ्या आईनं मला कंपनीत फोन केला, आणि फोनवर काही न बोलता नुसती रडली. मला वाटलं पोरगी गेली. मशीन बंद करून मी गेटपर्यंत आलो, तेव्हा ती म्हणाली, "बघती वो. बघती ती."

तेवढ्यानं सगळं मिटलं नाही. चालायच्या आधीच जाड भिंगांचा चष्मा लागला. तो ती काढून फेकायची, मी परत लावायचो. मग डावा डोळा तिरपा व्हायला लागला. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून अधूला कामाला लावायचं, असं मॅडम म्हणाल्या. पट्टी लावली की ती भिंतीला धरून रडायची. "पप्पा, अंधार काढा," म्हणायची. मनीषा, तेव्हा तू पाहिजे होतीस. मी पट्टी लावायचो, पण तिला जवळ घेऊन गोष्टी सांगायला मला तुझ्यासारखं जमायचं नाही.

आता परवाचं सांगतो. उजव्या डोळ्यानं, चष्मा लावून, तिनं वरपासून वाचायला सुरुवात केली आणि खालून दुसऱ्या ओळीपर्यंत गेली. मग उजवा झाकला. डाव्यानं तिला सगळ्यात वरचं मोठं अक्षरही सांगता आलं नाही. मॅडमनी अगदी जवळ बोटं धरली, तेव्हा मोजली.

"डाव्याचं आता काही होईल का?" मी विचारलं.

"फारसं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तेव्हा मला दोन्ही डोळ्यांची भीती होती. तुम्ही वेळेवर आलात म्हणून उजवा मिळाला. आता तो जपा. पडदा दर वर्षी दाखवत राहा, मोठी झाली तरी."

आनंद झाला आणि त्याच वेळी डाव्या डोळ्याचं वाईट वाटलं. अजून तसंच आहे.

ती खुर्चीवरून उतरली आणि मला विचारते, "पप्पा, मी एका डोळ्यात नापास झाले का?"

"नाही गं. एक डोळा जास्त बघतो, एक कमी."

"मग मी जास्तवाल्यानं बघते," म्हणाली आणि तुझ्या आईचं बोट धरून बाहेर गेलीसुद्धा.

यंदा ती पहिलीत आहे, आपल्या गल्लीतल्या पोरींबरोबर, साध्या शाळेत. मी बाईंना भेटून आलो. त्यांनी तिला पुढच्या बाकावर डाव्या टोकाला बसवलंय, म्हणजे फळा तिच्या उजव्या हाताला येतो. वाचन तिला आवडतं. पुस्तक नाकाला लावून वाचते, त्यावरून आजीची बोलणी खाते.

काळजी एकच आहे. डावीकडून येणारं तिला कळत नाही. मागच्या आठवड्यात शाळेबाहेर त्या बाजूनं स्कूटर आली आणि ही आपली सरळ चालत राहिली. तुझ्या आईनं मागं ओढलं म्हणून बरं. तेव्हापासून मी तिच्या डाव्या बाजूनं चालतो आणि चालता चालता शिकवतो, आधी मान वळव, मग पाऊल टाक. कधी विसरते, कधी बरोबर करते.

तुला शब्द देतो. तिचा उजवा डोळा मी जपीन, डाव्याबद्दल तिच्याशी कधी खोटं बोलणार नाही. आणि मान वळवायची सवय तिच्या अंगात मुरेपर्यंत मी तिच्या डावीकडं राहीन. नंतर बाजूला होईन. तिला एकटीला रस्ता ओलांडू देईन, आणि अलीकडच्या कडेला उभा राहून बघेन.

तुझा, आणि आता तिचा पप्पा,
दत्ता