तीन वाफांची बेरीज

मुलुंड,
२४ ऑगस्ट १९८६

चि. सुगंधास अनेक आशीर्वाद.

तुझी राखी वेळेवर पोचली. इकडे सगळे बरे. तुझी नलिनीवहिनी गॅसचा नंबर लागेपर्यंत स्टोव्हशीच भांडते आहे.

चंद्रप्रकाशरावांना आता सदऱ्याचं बटण लावता येत नाही, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, असं तू लिहिलंस. आणि खाली विचारलंस, "दादा, तू त्यांच्याच फॅक्टरीचा अभ्यास केलास ना? त्यात काय निघालं?" उत्तराला पंधरा दिवस लावले.

काही निघालं नाही, असं मी लिहून दिलं. कांजूरमार्गच्या त्या शेडमध्ये तीन द्रावणांच्या वाफा असत. शंभर म्हणजे धोक्याची रेघ धर. एक वाफ साठावर, दुसरी सत्तरावर, तिसरी पन्नासावर. तिघींची तीन कोष्टकं केली, तिघीही पास. 'आजाराशी संबंध आढळला नाही.' खाली माझी सही.

अहवाल पाठवण्याआधीच्या रविवारी तुम्ही दोघं जेवायला आला होतात. माझं कौतुक ऐकून चंद्रप्रकाशराव हसत म्हणाले, "दादानू, आमका तीन नाकां आसत काय?" मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी बेरीज केली. एकशे ऐंशी. ज्यांच्या वाट्याला बेरीज जास्त, त्यांचेच हात थरथरत होते. आमचे साहेब म्हणाले, "एकेकीचं विचारलंय, तेवढंच द्या." मी ते पान काढून ठेवलं. कुणी धमकावलं नाही गं, बढतीही दिली नाही. मी नुसता गप्प बसलो.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगतो. बोटांना मुंग्या यायला लागल्यावर ते एकटेच माझ्याकडे आले होते. नोकरी सोडून गावी जाऊ का, विचारत होते. मी म्हटलं, "अहवाल स्वच्छ आहे, राहा." माझ्या शब्दावर ते आणखी दोन वर्षं त्या शेडमध्ये राहिले.

ते पान सोबत पाठवतो. त्यावरच्या कामगारांच्या यादीत सतरा नंबर त्यांचा. आता त्याच्यावरही सही केली आहे, हवं त्याला दाखव. त्याने बटण लागणार नाही, एवढं गणित मला येतं.

हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस, असं लिहिणार होतो. दाखव. राखी अजून पाकिटातच आहे. तुझं उत्तर येईपर्यंत बांधणार नाही. न आलं, तर का आलं नाही ते मी समजेन.

काशीराम