कॅप्टनचा आवाज

मंगळवार, ४ तारीख
मिळाला! रोल मिळाला! आणि साधासुधा नाही, कॅप्टन! दोन लहान भावंडांना घेऊन बेटावर खजिना शोधायला जातो तो. सहकुटुंब बघायचा साहसपट. सिनेमा तयारच आहे, आपण फक्त मराठी आवाज द्यायचा. बारा वर्षं मी 'कृपया रांगेत उभे राहा' आणि 'गर्दीतला तिसरा इसम' केले. आता कळेल लोकांना.
तिसरीतल्या लेकीला जेवतानाच सांगितलं. तिने विचारलं, त्यात भुतं आहेत का. म्हटलं, असली तर कॅप्टन बघून घेईल. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. अभिमान, दुसरं काय.
संकल्प : रोज कोमट पाणी. घरातही कॅप्टनच्या आवाजात बोलायचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
न्हाणीघरात पाल निघाली. मी किंचाळलो असं बायकोचं म्हणणं. मी वरची पट्टी तपासत होतो. पाल लेकीने झाडूने हाकलली.

गुरुवार, ६
पहिला दिवस. डबिंगचा बूथ म्हणजे कपाटाएवढी काळोखी खोली. समोर पडदा, कानांवर हेडफोन, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डिरेक्टर मॅडम. सिनेमाचा एकेक तुकडा तीनदा दाखवतात. कॅप्टनचे ओठ हलले की आपण बोलायचं. बोटीवरचे सगळे तुकडे एका टेकमध्ये ओके! मॅडम म्हणाल्या, छान, उद्या गुहा करू.
गुहेचं एवढं काय? मुलांचा तर सिनेमा आहे.

शुक्रवार, ७
गुहेत कोळी आहेत. एक-दोन नाहीत, भिंतभर आहेत. हेडफोनमधून त्यांचे पाय थेट कानात वाजतात. वाक्य होतं, 'घाबरू नका पोरांनो, माझ्या मागे या.' मी 'घाबरू'पर्यंत पोचलो. पुढचं शब्दांत निघालं नाही.
घसा बसलाय असं सांगितलं. रेकॉर्डिस्टने विचारलं, बसलेल्या घशातून एवढं मोठं कसं निघालं? त्याला कलेतलं काही कळत नाही. बूथमध्ये दिवा लावा म्हटलं तर म्हणे पडद्यावर उजेड पडतो.

शनिवार, ८
नामी युक्ती सुचली. सगळे संवाद पाठ करायचे आणि डोळे मिटून बोलायचे. कोळी दिसायलाच नकोत. खऱ्या कलाकाराला पडदा लागतो कशाला?
आरशासमोर तीन तास सराव. अप्रतिम.

सोमवार, १०
युक्ती चांगलीच होती. डोळे मिटले, छाती काढली आणि एका दमात म्हणालो, 'मृत्यूला मी भीत नाही!' काचेपलीकडे दोघं पोट धरून हसायला लागले. मग मला तो तुकडा लावून दाखवला. मला चार सेकंद उशीर झाला होता. कॅप्टन तोंड मिटून उभा, आणि माझं वाक्य नेमकं सांगाड्याच्या उघड्या जबड्यात पडलेलं.
तो जबडा बघून मी पुन्हा... असो. रेकॉर्डिस्ट रेकॉर्डिंग कधीच बंद करत नाही, हे आज कळलं.

बुधवार, १२
मॅडमनी बोलावून घेतलं. कॅप्टन आता दुसरा करणार, बातम्या वाचतो तो. पण माझ्या किंकाळ्या म्हणे अस्सल आहेत, अशा मागून मिळत नाहीत. बोटीवरचा आचारी, त्याचा पोपट आणि कड्यावरून घसरणारा बोकड, तिघांचं ओरडणं माझं. तीन दिवसांत पुरेसं जमा झालंय, पुन्हा यायची गरज नाही.
म्हणजे एक रोल गेला आणि तीन मिळाले. बढतीच म्हणायची.
घरी अजून बोललो नाही. योग्य वेळ बघून सांगू.

गुरुवार, १३
लेकीच्या वर्गाच्या बाई बावीस तारखेला अख्खा वर्ग त्या सिनेमाला नेणार आहेत. पालकांतर्फे मला आग्रहाचं बोलावणं. बत्तीस मुलं!
लेकीने वर्गात सांगितलंच असणार, माझा बाबा कॅप्टन. तिथे दुसऱ्याचा आवाज आला की पोरीचं काय होईल? कोळ्यांचं बरं असतं, डोळे मिटले की संपलं.

मंगळवार, १८
आज सांगायचंच असं ठरवलं. तोंड उघडलं, तेवढ्यात तिने पेन्सिल पुढे केली. टोक काढून दिलं. ती पेन्सिल संपेपर्यंत टोक काढत होतो.

शुक्रवार, २१
कणकण वाटतेय. थर्मामीटर नाही म्हणतो. दोनदा लावला. बायको म्हणाली, जे काय असेल ते पोरीला सांगून मोकळा हो. हिला काय माहीत असणार? छे.
उद्या धीराने घ्यायचं.

शनिवार, २२, दुपारी ४
जाऊन आलो.
लेक शेजारीच होती. कॅप्टनने तोंड उघडलं आणि बातम्या सुरू झाल्या. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मग गुहा आली. मी डोळे मिटले. आचारी किंचाळला.
लेक खुर्चीवर उभी राहिली आणि सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं ओरडली, हा माझा बाबा! पाल निघाली की अगदी असाच ओरडतो! बत्तीस मुलांनी वळून टाळ्या वाजवल्या. मग पोपटाला टाळ्या. मग बोकडाला.
बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं, पोरीने पहिल्याच आठवड्यात वर्गाला बजावलं होतं. बाबाला कॅप्टन दिलाय, पण भूतबीत आलं की तो घाबरणार आणि ओरडणार. कुणी त्याला हसायचं नाही, फक्त टाळ्या वाजवायच्या.
डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. थिएटरमध्ये धूळ फार.
एकूण काम उत्तम झालं. बातमीवाल्याच्या आवाजात मात्र धाडस नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
अंघोळीला निघालो होतो. न्हाणीघरात ती पाल परत आली आहे. लेक मैत्रिणीकडे गेली आहे, सातला येते म्हणाली. तोवर टॉवेल गुंडाळून दाराबाहेर बसून हे लिहितो आहे.