गल्लीतले रुपराव

अहमदाबाद, ४ ऑगस्ट २०२५

ती. मयुराताईस, धाकट्या दुर्गेशचा नमस्कार.

पत्र पाहून हसशील. पण फोन केला तर तू बाबांच्या पुढ्यातच उचलते, अन् हे मले त्यांच्यासमोर सांगता येत नाही.

शेठ मले अमेरिकेले नेऊन राहिले, एका प्रदर्शनात स्टॉल उभा कराले. व्हिसासाठी आपली ऑनलाइन खाती सांगा लागतात, अन् सगळ्यांले दिसतील अशी उघडी ठेवलेली बरी म्हणतात. ऑफिसातल्या भावना मॅडम म्हणाल्या, आधी जुनं सगळं पाहून घे, शिव्याबिव्या असतील तर काढ. पाहाले बसलो. दुसऱ्याच्या बुलेटवर गॉगल लावून काढलेले व्हिडिओ पाहून मलेच कसंतरी झालं. पण खरी शरम वेगळी आहे.

त्या जुन्या प्रत्येक व्हिडिओखाली बाबांनी पत्रासारखं लिहिलं आहे, ‘अनेक आशीर्वाद. जेवण झाले का? कळावे. रुपराव, नंदनवन.’ एकाखाली माझ्या दोस्तानं, मोहितनं विचारलं, हा म्हातारा कोण गा? अन् मी लिहिलं, आहे गल्लीतला कोणी, सोड.

त्यानंतर बाबांचं एकही अक्षर नाही. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. त्यांनी वाचलं असेल काय वं ताई?

तुझा दुर्गेश

नंदनवन, नागपूर, ११ ऑगस्ट

चि. दुर्गेश यास ताईचे आशीर्वाद.

दिवाळीपासून बाबांचा मोबाईल आलमारीत मफलरीखाली पडून आहे. काहून विचारलं तर म्हणाले, डोळ्यांले त्रास होते. पेपर मात्र बारीक अक्षरांसकट वाचतात. त्यांले टाइप कराले मीच शिकवलं होतं. तुझ्यासाठी एक ओळ लिहेपर्यंत त्यांचा चहा थंड व्हायचा.

बह्याडा, मले कशाले लिहितो? मी मधात पडणार नाही. ज्याले गल्लीतला केलं, त्यालेच लिही.

जवसाची चटणी पाठवून राहिली. राग आहे, पण चटणी तुझीच.

तुझी ताई

अहमदाबाद, १८ ऑगस्ट

ती. बाबांस, दुर्गेशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी तुम्हाले गल्लीतला कोणी म्हटलं. लोक तुमच्या लिहिण्याले हसतील म्हणून भ्यालो. माफी मागाले तोंड नाही.

मॅडम म्हणाल्या, व्हिडिओच काढून टाक. तो काढला असता तर तुमचा आशीर्वादही गेला असता. म्हणून फक्त माझं वाक्य काढलं. मग मोहितचा प्रश्न तसाच उरला. त्याच्याखाली लिहिलं, ‘माझे बाबा.’ खातं आता उघडं आहे, व्हिसाचा साहेबही वाचेल.

तुम्ही जिथं जिथं विचारलं, तिथं तिथं लिहिलं, ‘हो बाबा, जेवलो.’ त्यातलं बरंच खोटं आहे. तेव्हा मी उपाशीच भटकत होतो.

तुमचा दुर्गेश

नंदनवन, २५ ऑगस्ट

चि. दुर्गेश यास अनेक आशीर्वाद.

मी ते तेव्हाच वाचलं होतं. राग नाही आला. मलेच लाज वाटली, की पोराच्या चारचौघांत आपण न विचारता जाऊन बसत होतो.

व्हिसा मिळो न मिळो, वेळेवर जेवत जा. लोभ होता तेवढाच आहे.

तुझा बाबा,
रुपराव, नंदनवन

ता.क. मोबाईल चार्जिंगले लावला आहे.