बोटाची शाई

निझवा, ओमान
शुक्रवार, ३० ऑक्टोबर २०२६

चि. रेवास,

आजीचा आशीर्वाद. तू परवा फोन आपटलास, तरी आशीर्वाद काही मी परत घेत नाही.

इकडे बरं आहे. गुडघे दुखतात, तुझी काकी आमटीत मीठ विसरते. तुझा काका स्वरूप बकऱ्यांच्या बाजारात गेलाय. घर रिकामं, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा दुसरीपर्यंत, चुका काढू नकोस. वाचता आलं नाही तर बापाकडून वाचून घे. त्यालाही, माझ्या प्रशांतलाही, कळू दे.

मंगळवारी तिकडे अमेरिकेत तुमच्या राज्याचा सचिव मतं देऊन निवडायचाय. मतदारयाद्या सांभाळायच्या, निकालावर सही करायची, असं ते पद. तू उभी आहेस. भाषणात म्हणालीस, माझी आजी सहा मैल चालत मत द्यायला जायची. मग त्या पेपरवालीनं मला फोनवर हिंदीत विचारलं. मी म्हटलं, "मैंने कभी वोट नहीं डाला." तिनं छापलं, रेवा खोटारडी.

मी सांगितलं ते खरंच. पण अर्धं.

तू आठ वर्षांची होतीस. केंद्रावरून येऊन मी तुला बोटाची शाई दाखवली. तू थुंकी लावून पुसून पाहिलीस, निघेना. चालत गेले होते, शाईही खरी. मत तेवढं नव्हतं. गावातल्या बायकांच्या मतपत्रिकांवर शिक्के सकाळीच मारून व्हायचे. केंद्रावरचा माणूस म्हणायचा, "वहिनी, तुमचं झालंय. बोट पुढं करा." मी करायची. दर खेपेला.

शिक्के मारणारा तुझा आजा. सरपंचाचा माणूस. त्याचा फोटो तू ऑफिसात लावलायस.

पेपरवालीशी बोलताना हे ओठावर आलं होतं. गिळलं. मेलेल्याची अब्रू झाकली आणि तुझी उघड्यावर टाकली.

काल स्वरूपला सांगितलं. म्हणतो, "आई, खलास, पुरे! बाबांना आता कशाला उकरतेस?"

म्हटलं, "बाबा गेले तुझे. पोरगी उभी आहे."

जेवला नाही. कागदाचा फोटो पाठवायलाही नाही म्हणाला. शेजारची मुनिबा पाठवेल.

हा कागद त्या पेपरवालीला दाखव. खोटं तू बोलली नाहीस, मी तुला दाखवलं. चार दिवसांत काही फिरेल असं मला वाटत नाही. पडलीस तर माझ्यामुळं. फोन करून शिव्या दे, ऐकेन.

खाली पूर्ण नावानं सही करते. मधे त्याचं नाव येतं. येऊ दे.

रखमाबाई तानाजी शेलार