गेल्या जूनपासून

१२ फेब्रुवारी

चिमणे,

तुला भरभरून आशीर्वाद. तू खुशाल असशील, उन्हात टोपी घालत असशील आणि दुपारचं जेवण दुपारीच जेवत असशील, असं धरून चालते. तुमच्या जमीनमोजणीच्या तळावर फोन लागतो तो फक्त रविवारी, आणि रविवारी इथे तुझी आई फोनपाशी ठाण मांडून असते. माझ्या हातात तो येईपर्यंत तुझी निघायची वेळ झालेली असते. म्हणून हे पत्र. उत्तर लाँड्रीच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

इकडे सगळं ठीक. तुझ्या काकांना डॉक्टरांनी गुडघ्यासाठी जिना चढू नका म्हणून सांगितलं, तर त्यांनी जिन्यातच खुर्ची टाकली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय वर सोडत नाहीत. लाँड्रीत वाफेची नवी इस्त्री आलीय. मी अजून डागांच्या टेबलावरच आहे. शाई, गंज, तेल, रक्त, जे कुणाच्या हातून निघत नाही ते माझ्याकडे येतं.

आता एक बातमी. ताई आणि मी बोलायला लागलो. तू गेल्यापासून तुझ्या आईने माझ्याशी अबोला धरला होता, ते तुला ठाऊक आहेच. तुझा अर्ज मी भरला, तुला गाडीत मी बसवून दिलं, म्हणजे त्यांची लेक मी घालवली. त्या दिवशी त्या आणखीही काही बोलल्या, ते असो. तेव्हापासून तुझे काका आमच्या दोघींचे वकील. “तिला सांगा, पाणी तापलंय.” “त्यांना म्हणावं, कळलं.” आणि आम्ही तिघं एकाच खोलीत. बिचारे वैतागून म्हणायचे, “मला निदान पगार तरी द्या.”

तर आता त्यांची नोकरी गेली. बोलणं कसं सुरू झालं, ते पुढे कधीतरी लिहीन.

ताईंची तब्येत तशी बरी आहे. एक तपासणी करून घेतली, बायकांची असते ती. वय झालं की करावीच म्हणतात. तू मनाला लावून घेऊ नकोस, काम नीट कर.

तुझी,
काकू

ता. क. तुझ्या आजीला, म्हणजे ताईंच्या आईला शेवटी नेमकं काय झालं होतं, ते तुला कुणी सांगितलं होतं का? डॉक्टर विचारत होत्या. ताई म्हणतात, “पोटाचं काहीतरी.” पण सांगताना त्या माझ्याकडे बघत नाहीत.


६ मार्च

चिमणे,

तुझं पत्र पोचलं. “काकू, बायकांची तपासणी म्हणजे कुठली, आणि घरच्या पत्त्यावर का नको?” असं तू सरळच विचारलंस. मोजणीचं काम करून तुझी भाषाही फूटपट्टीसारखी झाली आहे. बरं, सांगते. पण ताईंनी माझ्याकडून तुझी शपथ घेतली आहे, तेवढं ध्यानात ठेव. रविवारी फोनवर तुझ्या आवाजातून काही कळू देऊ नकोस.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी मी कामावर निघाले होते. ताई दारात आल्या. काका जिन्यात होते, मध्ये वकील नव्हता. त्या म्हणाल्या, “माझ्याबरोबर दवाखान्यात येशील का?” बस, एवढंच. आठ महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य. मी चपला काढल्या आणि पुन्हा घातल्या, इतकी गोंधळले.

त्यांच्या डाव्या छातीतून पाणी येतं. पाणी म्हणजे लालसर, कधी तपकिरी. दुखत काही नाही.

डॉक्टरबाई शांत आहेत. त्यांनी एकेक विचारलं. आपोआप येतं की दाबल्यावर? एका बाजूने की दोन्ही? काही गोळ्या चालू आहेत? ताई उत्तर देताना समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. मग पडदा ओढला. मला ताईंनी आत थांबायला सांगितलं. डॉक्टरबाईंनी बोटाने हलकेच दाबत गोल फिरवलं आणि एका जागी स्तनाग्रावर एक थेंब आला. त्यांनी तो पांढऱ्या कापसावर टिपला आणि उजेडात धरला. रक्त आहे का, हे विचारायची त्यांना गरज नव्हती, मलाही नव्हती.

त्या म्हणाल्या, “दोन्हीकडून येतं, दाबल्यावरच येतं, दुधासारखं किंवा हिरवट असतं, ते बहुतेक वेळा साधं निघतं. तुमचं आपोआप येतं, एकाच बाजूने, एकाच छिद्रातून, आणि त्यात रक्त आहे. यातही पुष्कळदा साधी गाठच सापडते. पण बघितल्याशिवाय सोडायचं नाही.”

मग विचारलं, “पन्नाशीनंतर कधी छातीचा फोटो काढला होता?”

ताई म्हणाल्या, वाचनालयात बायकांसाठी एकदा शिबिर होतं. त्यांनी यादीत नाव लिहिलं होतं आणि मग स्वतःच खोडलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही?” मी म्हणाले, मला काही त्रास नाही. “त्रास नसतानाच करायची असते ती तपासणी,” म्हणाल्या.

तर आम्हा दोघींचे फोटो काढले. त्या मशीनमध्ये छाती दोन पाट्यांत धरून दाबतात, श्वास रोखायला सांगतात. दुखतं, पण क्षणभर. बाहेर येऊन ताई म्हणाल्या, “तुमची इस्त्री बरी.” आठ महिन्यांत त्यांच्या तोंडून पहिला विनोद, आणि मी इतकी हसले की तिथल्या मदतनीस बाईने गप्प बसायची खूण केली.

दोघींचे फोटो स्वच्छ आले. ताईंनी घरी येऊन सगळे पडदे काढून धुवायला टाकले. गाणं गुणगुणत होत्या.

पण डॉक्टरबाई म्हणतात, एवढ्यावर भागत नाही. दुधाच्या नळीच्या आतलं फोटोत दिसतंच असं नाही. सोनोग्राफीत डाव्या बाजूला, स्तनाग्रामागच्या नळीत तिळाएवढं काही दिसलंय. सुईने तुकडा काढून तपासायला हवा. ताई उठल्याच. “मशीनला दिसलं नाही म्हणजे नाही,” म्हणाल्या, “उगाच टोचून घ्यायला मी काही उशी नाही.”

आज तीन आठवडे झाले. मी समजावलं, काकांनी समजावलं, ज्यांना कुणाला काही समजावता येत नाही त्यांनीही बोलून पाहिलं. त्या म्हणतात, “पोरीचं कायम होऊ दे, मग बघू. मला काही निघालं तर ती नोकरी सोडून येईल.” त्यांच्या अंगाला मी हात कसा लावू? उचलून नेऊ का? रोज सकाळी त्या रुमालाची घडी आत ठेवतात आणि वाचनालयात जातात. मी बघते आणि लाँड्रीत जाते.

तू काही करू नकोस. हे तुला का लिहिलं, ते मलाच कळत नाही. कुणाला तरी लिहायचं होतं.

तुझी,
काकू


४ एप्रिल

चिमणे,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. लाँड्रीत सगळे जेवायला गेलेत, तेवढ्यात पुरं करते.

आधी बातमी. तुकडा तपासला. कर्करोग आहे. बराचसा नळीच्या आतच आहे, पण एका जागी भिंत ओलांडून बाहेर आलाय. सतरा तारखेला शस्त्रक्रिया. त्याच वेळी काखेतल्या एकदोन गाठी काढून बघतील, तिथवर पोचला आहे का ते. पुढचं सगळं त्यावर. डॉक्टरबाई आशा सोडू नका म्हणतात, पण नक्की काही सांगत नाहीत. खोटं सांगत नाहीत म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो, आणि खोटं सांगत नाहीत याचाच रागही येतो.

ताई तयार कशा झाल्या, ते सांगते. मार्चच्या मध्यावर वाचनालयात त्या टेबलावर पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. पुस्तक न्यायला आलेल्या एक आजी म्हणाल्या, “बाई, तुम्हाला काही लागलंय का?” ताईंनी खाली पाहिलं. रुमालातून बाहेर आलं होतं. त्या छातीशी हजेरीचं पुस्तक धरून भर दुपारी घरी आल्या. मी घरीच होते, सुट्टी होती. पुस्तक खाली न ठेवता म्हणाल्या, “चल.”

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते.

निकाल सांगायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, “नेमकं कधीपासून येत होतं? आठवून सांगा.”

ताई म्हणाल्या, “झाले असतील चारपाच महिने.”

मी म्हणाले, “गेल्या जूनपासून.”

चिमणे, मला माहीत होतं. घरातले कपडे मीच धुते, अबोल्यातही धूतच होते. तू गेलीस त्याच्या पुढच्याच महिन्यात ताईंच्या आतल्या कपड्यावर डाव्या बाजूला एक डाग दिसला, डाळीच्या दाण्याएवढा. आधी वाटलं, हूकचा गंज. पण गंज आणि रक्त यांतला फरक मला नाही कळणार तर कुणाला कळणार? गार पाण्यात धरला, निघाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. ऑक्टोबरपासून त्या ते कपडे स्वतःच धुवायला लागल्या, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. खरं तेच लिहिते आहे. सुटल्यासारखं वाटलं.

का बोलले नाही? कारण तू गेलीस त्या दिवशी ताई मला म्हणाल्या होत्या, “तुला पोटचं मूल नाही, तुला काय कळणार लेक लांब जाते म्हणजे काय होतं ते.” तू तेव्हा गाडीत होतीस, तुला हे माहीत नाही. ते वाक्य मी रोज उगाळत होते. डाग दिसला की मनात यायचं, आधी त्यांनी बोलावं. त्यांनी एक शब्द बोलावा, मग मी सांगेन. मी काही त्यांचं वाईट चिंतत नव्हते, एवढं मात्र खरं मान. मी फक्त वाट बघत होते.

दवाखान्यातून आम्ही चालतच निघालो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी ताई थांबल्या.

“तुला कसं माहीत, जूनपासून?”

“कपडे मी धुते ना ताई.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलत नव्हता.”

त्या दुकानातल्या बाटल्यांकडे वळल्या. मला वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “तुझ्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.” आणि मग, “माझ्या आईलाही छातीतच होतं गं. पोटात नव्हतं. आम्ही कुणाला सांगितलं नाही.” माझा दंड धरून त्या रस्ता ओलांडून आल्या. मी पुढे होते की त्या, ते आठवत नाही.

जूनमध्ये गेलो असतो तर ते भिंतीच्या आतच सापडलं असतं का, हे मी डॉक्टरबाईंना एकटीने जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, “ते कुणालाच सांगता येणार नाही.” मी म्हणाले, अंदाजाने सांगा. त्यांनी फाईल मिटली आणि माझ्यासाठी पाणी मागवलं.

त्यांनी तुझ्यासाठी निरोप दिलाय. आजी आणि आई दोघींना झालंय, तेव्हा तू तिथल्या डॉक्टरांना हे दोन्ही सांगायचं. तुझी तपासणी केव्हापासून आणि कशी करायची, ते ते ठरवतील. घाबरायचं नाही, पण लपवायचंही नाही. आपल्या घरात लपवणं पुष्कळ झालं.

तू यावंस की नाही, मला कळत नाही. तुझं कायम व्हायला दोन महिने राहिलेत. ताई म्हणतात, येऊ नको म्हणून लिही. त्यांना ठाऊक आहे, मी तुला लिहिते ते. काल त्यांनीच पाकिटं आणून दिली. आणि रात्री जेवताना तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकायला सांगितली. यातलं कुठलं ऐकायचं, ते तू ठरव.

काल दवाखान्यात कागदांवर सह्या झाल्या. खिडकीतल्या कारकून बाईने विचारलं, जवळचं नातेवाईक कोण? तुझे बाबा नाहीत, म्हणून काका पुढे झाले, तर ताई म्हणाल्या, “हिचं लिहा.” नातं काय, असं तिने विचारलं. ताईंनी “जाऊ” म्हणून सांगितलं. तिने बहीण लिहिलं. कुणीच ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. मला चार जागा दाखवल्या आणि मी चारही ठिकाणी सही केली. त्यात काय काय होऊ शकतं ते छापलं होतं. मी पहिल्या ओळीपुढे गेले नाही.

मला रागाने लिहायचं असेल तरी लिही, पण लिही. पत्ता आता घरचाच घाल.

तुझ्या आईच्या कागदांवर जिची सही आहे, ती
तुझी काकू