दोन लेकरांच्या गोळ्या

१२ जून

ती. दादास,

सा. नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल असं धरून चालते. तीन वर्षांनी माझं अक्षर बघून नको ते मनात येईल, म्हणून आधीच सांगते: आई आहे. दवाखान्यात आहे, पण आहे.

माझं काम बरं चाललंय. आरोग्य केंद्रात औषधं द्यायला डॉक्टरांच्या शेजारची खोली मिळालीय. बीपी-शुगरच्या जुन्या पेशंटनी घरातली सगळी औषधं आणून माझ्या टेबलावर पिशवी उलटी करायची, हा माझा नियम. गेल्या महिन्यात एका निवृत्त मास्तरांकडे एकच औषध दोन नावांनी निघालं. असं झापलं त्यांना! मागून सगळे मला गोळीबाई म्हणतात.

नमनाला घडाभर तेल झालं. सोमवारी सकाळी आई न्हाणीघरात पडली. नाडी छत्तीस. दादा, छत्तीस! तशीच तिला दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी विचारलं, "नाडी मंद करणारी गोळी किती घेतात?" मी छातीठोकपणे म्हटलं, "रोज एकच. मीच देते."

मग तिचे कपडे आणायला घरी गेले. कपाटात टॉवेलांच्या मागे बिस्किटांचा डबा होता. आत तू पाठवलेल्या पट्ट्या, वर तुझी चिठ्ठी, 'आई, सकाळी एक.' ती तुझ्याकडे राहायची तेव्हाचीच गोळी. मी देते तिच्यापेक्षा कंपनी वेगळी, नाव वेगळं, आतलं औषध तेच.

काल तिला विचारलं. म्हणाली, "तुझी घेतली नसती तर तू रुसली असतीस, त्याची टाकली तर त्याला वाईट वाटलं असतं. आणि एकमेकांचं नाव काढलं की तुम्ही दोघं फणकारता. मग घेत होते दोन्ही."

आधी वाटलं, तुझ्यावरच खापर फोडावं. तसं पत्र लिहिलंही होतं, फाडलं. दोन महिने ती म्हणत होती, "अगं, चक्कर येते." मी म्हणायचे, "पाणी पीत जा, कुरकुर नको." जगाच्या पिशव्या उलट्या केल्या, पण घरातल्या बाईला एकदाही विचारलं नाही, 'आणखी काय घेतेस?' दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

आणि खरं सांगू? तुझं पार्सल येतं हे मला ठाऊक होतं. पोस्टमनला दोनदा दारात बघितलं होतं. विचारलं असतं तर तुझा विषय निघाला असता, म्हणून गप्प राहिले. माझ्या अकडीपायी आईचा जीव जात होता रे.

गोळी बंद केलीय. आज नाडी चोपन्न आहे, पण डॉक्टर अजून दोन दिवस बघू म्हणतात. दार वाजलं की ती मान वळवते.

आता पार्सल पाठवू नकोस, तू ये. एकट्यात माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण तिच्यासमोर बोल. नाहीतर ती पुन्हा काहीतरी टॉवेलांमागे लपवेल.

विचारायला घाबरलेली तुझी धाकटी,
ठकी