पोटावरची रेघ

ती. ताईस,

जखम सांभाळून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तू, भावोजी आणि पोरं ठणठणीत असाल असं धरून चालतो. माझं अपेंडिक्स काढलं ते तुला फोनवर कळलंच. पुढचं तोंडाने सांगवेना, म्हणून कागद.

आठव्या दिवशी टाक्यांतून पू आला. इथल्या सिस्टरबाईंकडे (मी त्यांचं नाव रेघबाई ठेवलंय, त्यांना माहीत नाही) त्याचे तीन वर्ग आहेत. वरवरचा, म्हणजे नुसता कातडीतला. खोल, म्हणजे मांसात उतरलेला. तिसरा थेट पोटाच्या पोकळीतला; तो सांगताना त्या आवाज खाली आणतात. (शाळेत मी एकाच वर्गात तीन वर्षं काढली, तेव्हा इतका घाबरलो नव्हतो.) माझा वरवरचा निघाला. आबा जन्मभर हेच म्हणत आले, ह्या कार्ट्याचं सगळं वरवरचं. पण लेखी पहिल्यांदाच मिळालं.

मग त्यांनी जखमेच्या लालीभोवती पेनाने रेघ ओढली. लाली बाहेर गेली तर हाक मार, आत राहिली तर सोमवारी घरी. आता गोदामाच्या मुकादमाने माझी जागा सोमवारपर्यंतच धरलीय आणि मला पडून राहायचं म्हणजे शिक्षा, तुला ठाऊकच आहे. सकाळी बघतो तर लाली दोन बोटं बाहेर! बाई जेवायला गेल्या तशी मी स्पिरिटच्या बोळ्याने रेघ पुसली आणि नवी ओढली, ऐसपैस. दुसऱ्या दिवशी आणखी ऐसपैस. बाई खूश. म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा तुझं पोट शहाणं आहे रे."

तिसऱ्या दिवशी थंडीने खाट वाजायला लागली. डॉक्टरांनी जखमेत बोट घातलं, ते अख्खं आत गेलं. वर्ग बदलला. आबांना सांग, माझ्यात काहीतरी खोल निघालं. उद्या भूल देऊन सडलेलं कापणार. तिसऱ्या वर्गात गेलंय का ते तेव्हाच कळेल.

काळजी करू नकोस, येऊ पण नकोस.

तुझा धाकटा

ता.क. डॉक्टर सगळ्यांदेखत रेघबाईंवर ओरडले, दोन दिवस डोळे मिटून बघत होतात का? त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. उद्या मी उठलो नाही तर हे कायमचं त्यांच्या माथी.

ता.क. दुसरा. सिस्टरबाई, पाकीट मुद्दाम उघडं दिलंय. आधी डॉक्टरांना दाखवा, मग पोस्टात टाका. नावाबद्दल माफ करा. आणि उद्या कापायच्या आधी रेघ तुम्हीच ओढा.